पाचव्या दिवशी छाती दाटून टणक झालीय, बाळ धरत नाही, काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की परभणीकडे माहेरी आहात, पहिलंच बाळंतपण, बाळ पाच दिवसांचं. दोन्ही बाजू टणक आहेत, हात लावला तरी दुखतं, उजव्या बोंडाला चीर पडलीय, आणि घरात आता तेल लावून, शेगडीवर शेकून, चोळून दूध काढायचं चाललंय. ते चोळणं आधी थांबवा. बाकीचं त्यानंतर.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आसपास भरपूर दूध उतरतं, तेव्हा छातीत फक्त दूध वाढत नाही. रक्तपुरवठा वाढतो, पेशींच्या मधल्या जागेत पाणी उतरतं आणि सूज येते. दवाखान्यात सलाइनच्या बाटल्या बऱ्याच चढवल्या असतील तर ही सूज जास्त असते. म्हणजे हाताला लागतो तो टणकपणा बराचसा सुजेचा आहे, आणि सूज दाबून निघत नाही. जोरात रगडलं की आतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि दुधाच्या नळ्या दुखावतात, सूज वाढते, नळ्या आणखी दबतात. शेकानं रक्त तिकडं जास्त येतं, म्हणून शेकल्यावर घटकाभर बरं वाटून नंतर छाती पुन्हा ताणते. आपल्याकडे पहिले दोन दिवस गूळपाणी किंवा मध चाटवतात, चीक काढून टाकतात. त्या घरांत हे दाटणं हमखास जास्त दिसतं, कारण बाळानं ओढलेलंच नसतं.

बाळ धरत नाही ते रुसलंय म्हणून नाही. बोंडाभोवतीचा काळा भाग ताणून सपाट झालाय, त्याच्या तोंडात तो मावत नाही. पाजायच्या आधी मागे रेलून बसा. दोन्ही हातांची बोटं (नखं कापलेली हवीत) बोंडाच्या बुडाशी गोल ठेवा आणि सरळ छातीच्या दिशेनं, दुखणार नाही इतपत दाबून मिनिटभर धरा. मग बोटांची जागा बदलून पुन्हा मिनिटभर. सूज मागे सरते आणि तेवढा भाग मऊ पडतो. लगेच हातानं थोडं दूध काढा: अंगठा वर, बोटं खाली, बोंडापासून तीनेक सेंटिमीटर मागे, आधी छातीकडे दाबा, मग अंगठा-बोटं एकमेकांकडे, मग सोडा. बोटं कातडीवर घसरू देऊ नका. बोंड ओढून दूध येत नाही, चीर मात्र वाढते. काळा भाग मऊ झाला की थांबा आणि बाळाला घ्या.

घेताना वाकून स्तन बाळाकडे नेऊ नका, बाळाला स्तनाकडे आणा. त्याचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं. कान, खांदा, कंबर एका रेषेत. त्याच्या वरच्या ओठाला बोंड लावा आणि जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडेपर्यंत थांबा. घाई इथंच होते. नीट लागलं असेल तर हनुवटी छातीला टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो, गाल फुगीर राहतात, गिळल्याचा आवाज येतो. गालाला खळ्या पडत असतील किंवा चटचट आवाज येत असेल, तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. सिझर झालं असेल तर बाळाला बगलेखाली धरून पाजा, टाक्यांवर वजन येत नाही.

चिरेचं कारणही हेच. पाजून झाल्यावर बोंड चपटं किंवा तिरपं दिसलं, तर बाळ नुसतं टोक चावतंय असं समजा. मलमानं ही चीर तात्पुरती भरेल, पकड सुधारल्याशिवाय थांबणार नाही. पाजल्यावर आपलंच दोन थेंब दूध लावून वाऱ्यावर सुकू द्या. हवं तर शुद्ध लॅनोलिन (लोकरीच्या मेणाचं मलम) पातळ लावा. साबण, डेटॉल, हळदीचा लेप नको. दुखऱ्या बाजूला सुरुवात करवत नसेल तर चांगल्या बाजूनं करा.

पाजून झालं की थंड. माठातल्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून चार-सहा वेळा. आजी म्हणतील बाळाला सर्दी होईल; होत नाही, दूध शरीराच्याच तापमानाचं येतं. दुखणं असह्य असेल तर पॅरासिटामॉल ५०० मि.ग्रॅ. सहा-सहा तासांनी घेता येतं, पाजताना ते चालतं. आयबुप्रोफेननं सूजही उतरते, पण पोटातला व्रण (अल्सर), दमा, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नको, म्हणून ते विचारूनच घ्या.

चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजा, रात्रीचं चुकवू नका. मात्र प्रत्येक वेळी पंप लावून छाती रिकामी करायच्या मागे लागू नका. जितकं काढाल तितकं शरीर जास्त बनवतं आणि दाटणं लांबतं. ताण कमी होईल इतकंच काढा. छाती घट्ट बांधू नका. आणि पाणी तोडू नका! मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाळंतिणीला पाणी कमी देणं धोक्याचं आहे, त्यानं दाटणंही कमी होत नाही. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू दूध वाढावं म्हणून आग्रहानं चालले असतील तर चार दिवस थोडे आवरा.

एवढ्यानं एक-दोन दिवसांत छाती सैल पडायला लागते. मधेच एखादी गाठ लागली तरी उपाय हाच. त्यावर हात फिरवायचाच तर मांजराच्या पाठीवरून फिरवावा इतका हलका, बगलेच्या दिशेनं.

आता जपायचं ते सांगते. एका बाजूला लाल, गरम पट्टा उमटला, थंडी वाजून १०१ च्या पुढे ताप आला, अंग ठणकलं, तर त्याला घरात ‘नजर लागली’ म्हणतील. मीठ-मिरच्या ओवाळायच्या तर ओवाळा, पण चोवीस तासांत उतार पडला नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा; तब्येत फारच खालावली तर तेवढंही थांबू नका. अँटिबायोटिक लागलं तर साधारण दहा-चौदा दिवसांचं असतं, बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका. या काळात पाजणं सुरूच ठेवा. बाळाला त्यानं अपाय होत नाही, आणि एकदम बंद केलं तर पू होण्याची शक्यता वाढते. गाठ मऊ, हलती, ठणकणारी झाली तर सोनोग्राफी करून सुईनं पू काढतात.

आशाताईंची घरभेट सातव्या दिवशी असते. त्या आल्या की बाळ अंगावर घेऊन दाखवा, पकड कुठं चुकते ते शेजारी बसलेल्या माणसाला चटकन दिसतं. बाळाचं वजनही करून घ्या, आणि दिवसातून सहा वेळा तरी लघवी होते का ते मोजा. त्याहून कमी असेल तर बाळालाही त्याच दिवशी दाखवा.