पांढऱ्या पामेरियनला उन्हाळ्याआधी चकोट करावं का? रोज आंघोळ घालावी का?

तुम्ही लिहिलंय की घर वावराला लागून आहे, कुत्रा पांढरा, झुपकेदार, आणि रोज काळ्या मातीत लोळून येतो. मी वर्धा जिल्ह्यातला कास्तकार, आमच्याकडेही असाच एक आहे. दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर नाही असंच आहे.

आपण ज्याला सरसकट पामेरियन म्हणतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, जरा राठ केस आणि खाली सरकी काढलेल्या रुईसारखी मऊ लव. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून गरमी बाहेर काढतो. म्हणून केस उतरवले की गार वाटेल, हा आपला हिशेब त्याला लागू होत नाही. उलट अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो तेव्हा ऊन सरळ कातडीवर बसतं. शिवाय एकदा मशीन फिरवलं की कधीकधी केस पुन्हा नीट येतच नाहीत, ठिगळं राहतात. पोटाखालचे, शेपटीखालचे आणि पंजांच्या गाद्यांमधले केस कात्रीनं कमी करा, तेवढं पुरे. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, त्याला कूलरसमोर ओल्या फरशीवर पडू द्या आणि फिरायला ऊन चढायच्या आत न्या.

आता माती. ओला चिखल पुसायला गेलात तर तो आणखी आत जातो. वाळू द्या. काळी माती वाळली की भुगा होऊन ब्रशनं झडते, खालचा केस बऱ्यापैकी पांढरा निघतो. आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा, कुत्र्याच्याच शाम्पूनं. आपला साबण किंवा कपड्याची पावडर त्याच्या कातडीला सोसत नाही. पांढरेपणासाठी नीळ घालायचा सल्ला देणारेही भेटतील, त्यांना धोतर धुवायला सांगा. आंघोळीआधी गुंता सोडवलाच पाहिजे, कारण गुंता भिजला की आवळून गच्च बसतो. कानामागे, काखेत आणि मांडीच्या मागे आधी बोटांनी, मग लोखंडी दातांच्या कंगव्यानं. नंतर मुळापर्यंत कोरडा करा, पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर ओल धरून कातडी लाल होते, वास सुटतो.

डोळ्यांखालचे तांबूस डाग रोज ओल्या सुती कापडानं पुसा. पाणी एकाएकी वाढलं किंवा तो डोळा मिटून धरत असेल तर डॉक्टरला दाखवा.

मला खरी काळजी कुसळाची आणि गोचिडाची वाटते. पावसाळा सरला की धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, कुसळी गवत वाळतं. त्याचं टोकदार कुसळ केसात अडकतं आणि तिथून पुढेच सरकतं, बोटांच्या बेचक्यात किंवा कानात शिरतं. वावरातून आला की आधी पंजे आणि कान चाचपा. कपाशीवर फवारणी चालू असेल तर त्या दिवसांत त्याला वावरात नेऊच नका. केसांवर बसलेलं औषध तो चाटूनच साफ करतो.

गोचीड चिमट्यानं अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका. रॉकेल, फिनाईल, कापराचं तेल यातलं काहीच लावू नका, कुत्र्याला या तिन्हींची विषबाधा होते. तो मलूल पडला, खाणं सोडलं आणि हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर गोचिडाचा ताप असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. गाईम्हशींचं गोचिडाचं औषध घरात पडलेलं असतं, तेही अंदाजानं ओतायचं नाही. मानेवर टाकायचे थेंब वजनाप्रमाणे मिळतात. वजन करायला घरी कापूस मोजायचा काटा असेल तर कुत्र्याला उचलून त्यावर उभे राहा, मग एकटे. दोन आकड्यांतला फरक मेडिकलवाल्याला सांगा.