आईच्या स्तनातली फक्त गाठ काढायची की पूर्ण स्तन?

तुम्ही लिहिलंय की आईची कॅन्सरची गाठ दोन सेंटीमीटरची आहे, डॉक्टर म्हणतात दोन्ही ऑपरेशन चालतील, आणि घरचे म्हणायलेत मुळासकट काढून टाका, परत कटकट नको. आमच्याकडं पण हेच झालतं, मी परभणीकडची, सासू-नणंदा सगळ्या एका सुरात. मी फक्त गाठ काढून घेतली.

पूर्ण काढलं की बाई जास्त जगते हे खरं नाही. अमेरिकेत बर्नार्ड फिशर या सर्जननं 1976 पासून हेच तपासलं, 2002 ला 20 वर्षांचा निकाल छापून आला, जगण्यात काहीच फरक निघाला नाही. पण गाठ काढून रेडिएशन, म्हणजे मशीननं किरणांचा शेक, न घेतलेल्या शंभरातल्या 39 जणींना त्याच स्तनात परत झालं, घेतलेल्यांमधे 14. आता औषधं सुधारल्यानं आकडे खाली आलेत, तरी रेडिएशन चुकवायचं नाही.

म्हणून खरा विचार त्याचाच करा. सोमवार ते शुक्रवार रोज, बहुतेक तीन आठवडे. मशीनवर दहा-पंधरा मिनिटं, बाकी सगळी बाकड्यावर नंबराची वाट बघणं, आणि छातीवर पेननं काढलेल्या खुणा पुसू नयेत म्हणून तिथं साबण लावायचा नाही. मी संभाजीनगरला पाहुण्यांकडं राहिले, रोज गावाकडून ये-जा केली असती तर अर्ध्यातच सोडलं असतं बगा. तुमची तशी सोय नसेल, किंवा स्तनात वेगवेगळ्या जागी गाठी असतील, तर पूर्ण काढणंच बरं, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही. पण एक आधीच विचारून ठेवा, काखेतल्या, सगळ्यांनाच असतात त्या बारक्या गाठींत आजार निघाला तर पूर्ण काढूनही रेडिएशन लागू शकतं, आणि किमो तर ऑपरेशनवर नाही, गाठीच्या तपासणीच्या रिपोर्टवर ठरते.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधीच विचारा.

आणि आईला कुणी विचारलं का हो? तुमच्या प्रश्नात सगळ्यांचं मत आहे, तिचंच नाही.

ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी नळीनं बाटलीत जमा होतं, ती ड्रेनची बाटली अडकवायला एक लांब बंदाची कापडी पिशवी आणि दोन ढिल्ले ब्लाऊज आताच शिवून ठेवा, काखेतल्या गाठी काढल्या तर त्या हाताला बीपी, सुई लावू देऊ नका.