वडिलांचा एन्ग्रेव्हिंगचा गाळा आहे. जुना पँटोग्राफ विकून फायबर लेझर घ्यावं का?

लेझर घ्या, पण पँटोग्राफ, म्हणजे मास्टर अक्षरावरून सुई फिरवून तेच अक्षर लहान करून कोरणारं मशीन, विकू नका. आमच्या घरात ही चूक झाली आहे, म्हणून लिहितोय.

आजोबा परळच्या एका गिरणीत छपाईच्या तांब्याच्या रोलरवर नक्षी चढवायच्या खात्यात होते. मऊ पोलादाच्या छोट्या रुळावर नक्षी हाताने कोरायची, त्याला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून बुडवून कडक करायचं, तो दुसऱ्या रुळावर दाबून उठाव घ्यायचा, त्यालाही पाणी द्यायचं आणि मग त्याने तांब्यावर नक्षी उतरवायची. पुढे छपाईला रोटरी स्क्रीन, म्हणजे जाळीचे फिरते रूळ, आले आणि खातं आटलं. आजोबांनी लालबागला गाळा घेऊन नंबर पंच (धातूवर आकडा ठोकायचे पोलादी ठसे), साबणाचे डाय (साचे) आणि औषधी गोळ्यांचे पंच सुरू केले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा गिरण्यांचं उरलंसुरलं कामही गेलं. घर गोळ्यांच्या पंचांनी चालवलं.

पंच झाला की आजोबा त्याचं टोक मेणबत्तीवर काळं करून कागदावर दाबायचे आणि काजळीचा ठसा भिंगाखाली बघायचे. इंग्रजी आठाच्या कंबरेशी तर अर्धा तास. तिथे भिंत उभी राहिली की हातोड्याच्या घावाला आकडा तुटतो, उतरती ठेवली की टिकतो. निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींच्या काळापासून मुंबईत पोलादावर उलटं अक्षर हातानेच कोरत आलेत. ते आम्हाला घरात बघायला मिळालं.

बाबांनी जुना जर्मन डेकेल पँटोग्राफ घेतला आणि हातातलं काम मशीनवर आणलं. बाबा गणपतीला रत्नागिरीला गेले होते तेव्हा धाकट्या काकांनी तो भंगारवाल्याला किलोवर दिला. आम्ही परतलो तेव्हा फरशीत चार बोल्ट आणि तेलाचा डाग होता. बाबा त्या डागाशेजारी स्टूल घेऊन बसून राहिले, दुपारी जेवलेही नाहीत.

काकांचं म्हणणं होतं, लेझर सगळं करतं. नाही करत. साधं वीस वॅटचं मशीन पोलादावर खूण उमटवतं, खोली सहसा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. पंचात अक्षर उठावाचं लागतं, म्हणजे भोवतालचं सगळं पोलाद खाली उतरवायचं. सहा महिन्यांत आमचं जुनं गिऱ्हाईक लेझरचे पंच परत घेऊन आलं, ठसा पुसट येत होता. काका त्या दिवशी गाळ्यावर नव्हते. ते असते तर बरं झालं असतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे.

आता तुमचं. नेमप्लेट, क्यूआर, सिरीयल नंबर यांचं काम जास्त असेल तर लेझर वर्षभरात स्वतःचे पैसे काढेल, त्यात वाद नाही. पंच-डाय करत असाल तर चांगलं सीएनसीही (कंप्युटरवर चालणारं कोरायचं मशीन) चालतं आणि जास्त ताकदीचं लेझर खोल कोरतं, हेही खरं. तेव्हा आधी मागच्या दोन वर्षांची बिलं काढून बघा.

आणि जागाच नसेल, विकावंच लागलं, तर पितळी मास्टर अक्षरांचे डबे आधी घरी न्या. आमचे मशीनबरोबरच गेले.