चाकांवरचा एमआरआय: पक्षाघातात किती उपयोगी?

प्रश्न: आमच्या ग्रामीण रुग्णालयात सीटी स्कॅन नाही. पक्षाघाताचा रुग्ण आला की जिल्ह्याला पाठवावा लागतो, त्यात दोन-अडीच तास जातात. साध्या प्लगवर चालणारा, चाकांवरचा एमआरआय निघाला आहे. तो मिळाला तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथेच देता येईल का? (वैद्यकीय अधिकारी, जि. नंदुरबार)

उत्तर: त्या एकट्याच्या भरवशावर देऊ नका. इंजेक्शनआधी सगळ्यात मोठा प्रश्न असतो तो मेंदूत रक्तस्राव आहे का, हा. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये हेच तपासलं. या यंत्रावर रक्तस्राव ओळखला गेला तो ८०.४ टक्के वेळा. म्हणजे पाचातला एक सुटला, आणि त्या एकाला तुम्ही गुठळी विरघळवणारं औषध टोचणार! सॉफ्टवेअर सुधारतंय हे खरं, पण हा निर्णय आजही सीटीवरच घ्यावा. शिवाय मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर नळी घालून गुठळी काढावी लागते. त्यासाठी रक्तवाहिन्यांचं चित्र लागतं, ते या यंत्रातून भरवशाचं मिळत नाही.

गुठळीमुळे झालेली इजा मात्र त्यात चांगली दिसते. २०२२ च्या अभ्यासात ५० पैकी ४५ रुग्णांत ती दिसली, अगदी ४ मिमीची सुद्धा. उरलेल्या पाचांत दिसली नाही, म्हणून स्कॅन कोरा आला तरी ‘पक्षाघात नाही’ असं लिहू नये.

तोवर वेळ वाचतो तो इथे: रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा (‘सकाळी उठला तेव्हापासून’ एवढं पुरत नाही, रात्री किती वाजता झोपला ते विचारा). साखर लगेच तपासा, कमी साखर हुबेहूब पक्षाघातासारखी दिसते. बऱ्या हाताला सलाइनची सुई लावा, तोंडाने काही देऊ नका, अ‍ॅस्पिरिनही नाही. १०८ ला फोन करतानाच जिल्ह्याच्या सीटीवाल्यांनाही कळवा. इंजेक्शनसाठीचं साडेचार तासांचं घड्याळ त्या शेवटच्या ठणठणीत वेळेपासून धावतं, तुमच्या दारात आल्यापासून नाही.

प्रश्न: मग हे यंत्र शोभेलाच का? आमच्या आयसीयूसाठी विचार चालू आहे.

उत्तर: आयसीयूत त्याची खरी जागा आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला एमआरआयच्या खोलीपर्यंत नेणं हीच मोठी जोखीम असते. इथे यंत्रच खाटेपाशी येतं. वजन सुमारे ६३० किलो, चुंबक कायमचा, त्यामुळे तो थंड ठेवायला हेलियम नको. बाहेरचा विजेचा गोंगाट यंत्र स्वतःच गाळतं, म्हणून खोलीला तांब्याचा पिंजराही नको. चुंबकाची ताकद ०.०६४ टेस्ला. नेहमीचं १.५ टेस्लाचं यंत्र याच्या तेवीसपट, म्हणून इथे चित्र जाडंभरडं येतं आणि वेळ जास्त लागतो. सगळे क्रम (वेगवेगळ्या प्रकारच्या चित्रांचे संच) घेतले तर अर्धा तास धरा.

बिघडतं ते बहुतेक डोकं ठेवताना. खाटेची डोक्याकडची फळी काढायची, रुग्णाला वर सरकवायचं, डोकं कॉइलमध्ये (डोक्याभोवती बसणाऱ्या, संकेत टिपणाऱ्या भागात) पूर्ण आत गेलं पाहिजे. आखूड मान, रुंद खांदे किंवा पाठीला पोक असेल तर ते दोन-तीन सेंमी बाहेर राहतं, आणि मग मेंदूचा खालचा भाग, नेमका लहान मेंदू व मस्तिष्कस्तंभ, धूसर येतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना घड्या घातलेला टॉवेल दाबून बसवा. रुग्ण हलला तर तोच क्रम पुन्हा घ्या, सगळा स्कॅन नको.

चित्रावर पट्टे उमटले तर आधी जवळच्या औषध सोडणाऱ्या विजेच्या पंपांकडे पाहा. पिंजरा नसल्याने आजूबाजूच्या विजेचा गोंगाट यंत्राला स्वतःच गाळावा लागतो. गरज नसलेले चार्जर काढा, वायरी कॉइलपासून लांब न्या.

प्रश्न: चुंबक एवढा कमजोर, मग पेसमेकरवाल्याला चालेल?

उत्तर: नाही. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर रोपण, डोळ्यात लोखंडाचा कण अशांना तो वर्ज्यच समजा. वेल्डिंग किंवा लेथचं काम केलेल्यांना डोळ्यांबद्दल आवर्जून विचारा. लोखंडी ऑक्सिजन सिलिंडर, कात्री यंत्राजवळ आणायच्या नाहीत.