भाच्यांनी क्यू मोडले: दुरुस्ती, नवा क्यू की दाजींचे पैसे?

प्रश्न (पत्र संक्षिप्त करून) : मी जुळे सोलापुरात राहतो, वय ४३. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. हातात महिना ६२,००० येतात. घराचा हप्ता १९,०००, घरखर्च ३०,०००, एसआयपी ८,००० आणि क्लबात स्नूकर खेळायला २,५००. अडीअडचणीसाठी १,१०,००० ची एफडी आहे. यंदा सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला पुण्याहून धाकटी बहीण, दाजी, दोन भाचे आणि भाच्यांचे दोन मित्र आले होते. यात्रेतल्या नंदीध्वजाच्या काठ्या बघून पोरांना चेव आला. दुसऱ्या दिवशी आम्ही मोठी माणसं हुरड्याला गेलो, तेव्हा माझे तीन क्यू (स्नूकर आणि पूल या टेबलावरच्या खेळांच्या काठ्या) गच्चीवर नेऊन यांनी मिरवणूक काढली. शेंड्याला टॉवेल आणि सुतळी बांधून, कमरेच्या पट्ट्यात बुडखा रोवून तोल सांभाळायचा खेळ. दोन क्यू जिन्यावरून खाली आले, नंतर चार दिवस तसेच उन्हात आणि दवात पडून राहिले.

२०१७ साली बाहेरून मागवलेल्या मेपल लाकडाच्या पूल क्यूच्या (तेव्हा सगळं धरून ४२,०००) शाफ्टला, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागाला, चीर गेली आहे. २००९ चा ॲश लाकडाचा स्नूकर क्यू खरचटला, त्यावर तीन पोचे आले आणि थोडा बाकही वाटतो. तिसरा साधा क्यू, त्याची टिप (टोकाची कातडी टोपी) उडाली. पुण्याच्या कारागिराने फोटो बघून अंदाज दिला : मेपलला नवा शाफ्ट ११,५००, ॲशला टिप ६०० आणि पोचे-पॉलिश १,६००, कुरिअर जाऊन-येऊन १,३००. एकूण १५,०००. मित्र म्हणतो, एवढे घालण्यापेक्षा कार्बन शाफ्टचा नवा क्यू घे, ५८,००० ला, कार्डावर बारा हप्ते. दाजी १०,००० द्यायला तयार आहेत. बायको म्हणते, बहिणीच्या घरचा पैसा घ्यायचा नाही. घराच्या विम्यातून काही मिळेल का? एफडी मोडू का? जूनमध्ये मुलीची ३६,००० फी भरायची आहे.

उत्तर : नंदीध्वज पेलायला माणसं वर्षानुवर्षं सराव करतात, तुमच्या भाच्यांनी एका दुपारीत उरकलं. असो. राग बाजूला ठेवून कागद-पेन घेऊ.

तुम्ही तिन्ही क्यूंचा हिशेब एका बेरजेत घातलाय, आणि घोटाळा तिथेच आहे. पंधरा हजार हा आकडा ५८,००० शेजारी ठेवला की कमी वाटतो आणि मित्राचं बोलणं पटायला लागतं. प्रत्येक क्यू वेगळा काढा आणि त्याला एकच प्रश्न विचारा : आज हा क्यू माझ्याकडे नसता, तर एवढे पैसे देऊन मी तो घेतला असता का? २०१७ ला दिलेले ४२,००० गेले. दुरुस्ती केली तरी ते परत येत नाहीत, न केली तरी नव्याने बुडत नाहीत.

ॲशच्या क्यूपासून सुरुवात करू, कारण तुमचा खरा क्यू तोच. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की आठवड्यातून दोन संध्याकाळी याच्यावर खेळता. म्हणजे वर्षाला शंभरेक वेळा हातात येणारी वस्तू. तिच्यावर २,२०० रुपये घालायला मी एक मिनिटही विचार करणार नाही, पण दोन गोष्टी आधी बघेन.

पहिली, बाक. क्यू जोडून टेबलावर गडगडवून बघितला असेल तर त्यावर जाऊ नका. क्यू निमुळता असतो, जॉइंट जरा सैल असला तरी तो उड्या मारतो. दोन्ही भाग वेगळे करा, एकेक सपाट काचेवर किंवा टेबलावर हळू फिरवा, मग बुडाकडून डोळा लावून शेंड्याकडे बघा. बाक फक्त शेवटच्या हातभरात आणि जेमतेम दिसण्याइतका असेल तर खेळाला काही होत नाही. क्लबात भिंतीला लावलेले क्यू त्याहून वाकडे असतात. बाक चांगलाच असेल तर मात्र तो ‘सरळ करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. लाकूड उष्णतेने आणि दाबाने तात्पुरतं वळतं, हवा बदलली की पुन्हा आपल्या जागी जायला बघतं. सोलापूरचा एप्रिल-मे आणि नंतरचा पावसाळा लक्षात घेतला तर त्या सरळपणाला जुलैपर्यंतही धरवत नाही. अशा वेळी २,२०० सुद्धा घालायचे नाहीत. तो पैसा नव्या, साध्या ॲशच्या क्यूसाठी बाजूला ठेवायचा.

दुसरी गोष्ट पोच्यांची. लाकूड नुसतं दबलं असेल, तंतू तुटले नसतील, तर पोचा पाण्याने वर येतो. पोच्यापुरता कागदाचा ओला तुकडा ठेवून बघा. दबलेले तंतू पाणी पिऊन फुगतात. मग पूर्ण वाळू द्या आणि कातड्याच्या तुकड्याने घासा. खर्च शून्य. वर लॅकरचा जाड थर असेल तर पाणी आत जाणार नाही, तेव्हा ते काम कारागिराचं. पण त्याला फोनवर स्पष्ट सांगा की आधी वाफेने पोचे उचला, सरसकट पॉलिशपेपर मारू नका. दर वेळी घासलं की शाफ्ट बारीक होतो. स्नूकरची टिप नऊ-साडेनऊ मिलिमीटरची. तिथे अर्धा मिलिमीटर गेला तर हाताला लगेच कळतं. घासलेलं लाकूड परत बसवता येत नाही, त्यामुळे या १,६०० च्या कामात क्यू सुधारण्याइतकाच तो बिघडण्याचाही संभव आहे.

आता मेपलचा. फोटोत फेरूलच्या (टिपेखालच्या कड्याच्या) वीतभर खाली केसाएवढी चीर दिसते आणि तुम्ही लिहिलंय की ती नखाला लागते. म्हणजे शाफ्ट गेला. पातळ ग्लू सोडून चीर बुजवणारे भेटतील, दिसायला छानही होईल, पण ब्रेकच्या, म्हणजे डाव सुरू करणाऱ्या जोरदार, फटक्याला तो शाफ्ट किती दिवस तग धरेल याची हमी कोणी देणार नाही. त्यामुळे नवा शाफ्ट किंवा काहीच नाही, असे दोनच पर्याय. आणि इथे मी ‘सध्या काहीच नाही’ म्हणतो.

कारण साधं आहे. तुमच्या क्लबात पूलचं टेबल एकच, त्यावर कायम कॉलेजची पोरं, आणि गेल्या वर्षी हा क्यू तुम्ही चारदा बाहेर काढलात. हेही तुम्हीच लिहिलंय. चार वेळांसाठी ११,५००? आज तो क्यू नसता तर एवढ्या खेळासाठी तुम्ही क्लबातलाच क्यू उचलला असता. शिवाय थांबण्याला इथे काही पडत नाही. बट (मागचा जाड भाग) शाबूत आहे, जॉइंट शाबूत आहे, आणि कोरड्या जागी ठेवलेल्या बटाला काही होत नाही. शाफ्ट दोन वर्षांनीही घेता येतो, फक्त जॉइंटची नोंद आताच करून ठेवा : दोन भाग जोडणाऱ्या पिनची जाडी आणि तिच्यावर इंचाला किती आटे. पाच-सोळांश इंचाच्या पिनला कुठे १४ आटे असतात, कुठे १८. तीन-अष्टमांशाच्या पिनला १० आढळतात. काहींत झटपट उघडणारी पिन असते. याची खात्री न करता नुसत्या फोटोवरून शाफ्ट मागवला आणि बसला नाही, तर ११,५०० ची काठी कपाटात पडून राहील. कारागिराने आटे न विचारता भाव सांगितला, हे मला जरा खटकलंच.

पत्रात एके ठिकाणी तुम्ही म्हणता की चांगला क्यू ही मालमत्ता आहे, भाव वाढतो. वाढतो, पण कोणाचा? अमेरिकेत जॉर्ज बालाबुष्का नावाचा कारागीर होऊन गेला, १९७५ मध्ये वारला; त्याच्या हातच्या क्यूंना संग्राहक वेड्यासारखे पैसे मोजतात. कारखान्यात तयार झालेल्या क्यूचं तसं नसतं. खोक्यातून बाहेर आला की तो जुना, आणि शाफ्ट बदललेला असला तर घेणारा अजून पाडून मागतो. खेळायचं साधन म्हणून त्याच्यावर खर्च करा, हौस आहे, करायलाच हवी. गुंतवणुकीच्या रकान्यात मात्र त्याला बसवू नका.

५८,००० च्या क्यूचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. ६२,००० मधून हप्ता, घरखर्च, एसआयपी आणि क्लब वजा केले की महिन्याला २,५०० उरतात. पंधरा टक्के व्याज धरलं तर ५८,००० चा बारा महिन्यांचा हप्ता सुमारे ५,२३५ येतो. एकूण व्याज ४,८०० च्या पुढे, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, शिवाय प्रोसेसिंग फी. म्हणजे एसआयपी मोडल्याशिवाय हा हप्ता जात नाही. दुकानदार ‘नो कॉस्ट’ म्हणाला तर रोख घेतल्यास किती सूट देता ते विचारा. व्याज बहुतेक त्या सूटीतच दडलेलं असतं, आणि व्याजावरचा जीएसटी तरीही तुमच्याच बिलात येतो. आणि एखाद्या महिन्यात कार्डाचं पूर्ण बिल भरायचं राहिलं तर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपासचं व्याज सुरू होतं. ज्या माणसाच्या हातात महिन्याला अडीच हजार उरतात, त्याने त्या दिशेला बघूही नये.

यापेक्षा मोठी गोष्ट पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे. जूनची ३६,००० फी कुठून देणार, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तोवरच्या चार महिन्यांत २,५०० प्रमाणे १०,००० जमतील. उरलेले २६,००० एफडीतूनच जाणार, दुसरी जागाच दिसत नाही. म्हणजे ती एफडी १,१०,००० ची नाही, ८४,००० ची आहे. तुमचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ४९,००० लागतात; पावणेदोन महिने कसेबसे निघतील. टॉवेलच्या धंद्यात मंदी आली की काय होतं ते अक्कलकोट रोड एमआयडीसीत काम करणाऱ्याला मी सांगायला नको. त्यामुळे क्यूसाठी एफडी मोडायची नाही, पंधरा हजारांसाठी नाही आणि पाच हजारांसाठीही नाही. वर मुदतीआधी मोडल्यावर बँक व्याजदर कापते ते वेगळंच.

विम्याचं थोडक्यात : १ एप्रिल २०२१ पासून मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी आग, वीज, वादळ, पूर, भूकंप अशा संकटांसाठी आहे. पाहुण्या पोरांनी खेळताना केलेली मोडतोड त्यात बसत नाही. दाव्याचा फॉर्म भरण्यात वेळ घालवू नका.

राहिले दाजी. वहिनींचं म्हणणं मला समजतं. भाऊबीजेला ओवाळणी घालायची आणि गड्ड्याला बिल द्यायचं, हे बरं दिसत नाही. पण दाजींनी आपणहून विचारलंय, आणि सरसकट ‘राहू द्या हो’ म्हटलं तर ते त्यांना पुढची चार वर्षं टोचत राहील. मला मधली वाट योग्य वाटते, आणि ती आकड्याने ठरते. जो शाफ्ट तुम्ही आता घेणारच नाही त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. ॲशच्या क्यूची टिप तर पोरांनी हात लावण्याआधीच झिजून कडेने पसरलेली होती, पहिल्या फोटोत दिसतेय. ते ६०० तुमचे, टिप उन्हाळ्यात बदलावीच लागली असती. उरतात पोचे-पॉलिशचे १,६००, तेही काम खरंच करावं लागलं तर. काम झाल्यावर बिलाचा फोटो दाजींना पाठवा आणि तेवढेच घ्या. दहा हजार घेतले तर दोन अडचणी होतील : एक, ते पैसे कशाचे हे तुम्हालाच सांगता येणार नाही, दोन, त्यातला अर्धा वाटा भाच्यांच्या मित्रांचा, आणि त्यांच्या आईवडिलांकडे मागायची वेळ दाजींवर येईल.

कुरिअरचे १,३०० सरळ वाचतात. कारागीर पुण्यात, भाचेही पुण्यात. कोणी ओळखीचं हुतात्मा एक्सप्रेसने जात असेल तर ॲशचा क्यू आणि मेपलचा बट त्याच्या हातात द्या. पुढचं काम थोरल्या भाच्याचं : क्यू कारागिराकडे न्यायचा, मेपलच्या पिनचे आटे मोजून घ्यायचे, काम झालं की आणायचा. सोळा वर्षांचा मुलगा आहे, रिक्षाचे पैसे त्याच्या खिशातून गेले तरी चालतील.

एक खर्च मात्र मी तुम्हाला करायला लावणार आहे, तो यादीत नव्हता : कडक कव्हरची, कुलूप लागणारी पेटी. तिच्यासाठी एक महिना क्लब बंद ठेवा, २,५०० त्यातून काढा. पेटी कपाटात आडवी ठेवा. भिंतीला तिरका टेकवलेला क्यू स्वतःच्याच वजनाने वाकू शकतो, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेल्या क्यूचं काय होतं ते बघायला भाच्यांची गरज लागत नाही.

तिसऱ्या क्यूची टिप कारागिराकडून बसवून घेऊ नका. साध्या टिपांचं पाकीट आणि ग्लूची एक ट्यूब आणा, फेरूल सपाट घासा आणि स्वतः बसवा. पहिली वाकडी बसेल, दुसरी जमेल. पोरं पुन्हा आली की त्यांच्या हातात तोच द्यायचा.