वाचकांचे प्रश्न : दुखत नसलेला फुगवटा

प्रश्न : मी ३८ वर्षांची असून देवगड तालुक्यात राहते. दोन बाळंतपणे झाली आहेत. यंदा आंब्याच्या पेट्या उचलण्याचे काम केल्यापासून संध्याकाळी अंघोळीच्या वेळी योनिमुखाशी मऊ, मांसल फुगवटा हाताला लागतो. सकाळी तो नसतो. दुखत नाही, म्हणून सासूबाई दाखवू नको म्हणतात. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे का?

उत्तर : अवश्य जावे. या भागातील बरेच फुगवटे, साधे असोत वा गंभीर, सुरुवातीला दुखतच नाहीत. सकाळी नाहीसा होणारा आणि दिवसभर ओझी उचलल्यावर खाली उतरणारा फुगवटा ही बहुधा अंग बाहेर येण्याची सुरुवात असते : बाळंतपणात सैल झालेल्या स्नायूंचा आधार कमी पडला की मूत्राशय, गर्भाशय किंवा गुदाशय योनिमार्गाकडे उतरू लागते. सकाळच्या तपासणीत तो कदाचित दिसणारही नाही, म्हणून शक्यतो दुपारनंतरची वेळ घ्यावी आणि त्रास कधी वाढतो ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. या अवस्थेत आधार देणाऱ्या याच स्नायूंचे व्यायाम नीट शिकून घेतल्याने आणि बद्धकोष्ठता व जुना खोकला यांवर उपचार केल्याने बराच फरक पडतो. पुढे गरज भासल्यास योनीत बसवायची रिंग असते, आणि शस्त्रक्रिया प्रत्येकीला लागतेच असे नाही. तोवर पेट्या घरातील इतरांनी उचलाव्यात, हे सासूबाईंनाही सांगावे.

अर्थात हाताला लागणारे सारेच आजार नसतात. योनिपटलाचे उरलेले छोटे पदर वर्षानुवर्षे तसेच राहतात. योनिमुखाच्या एका बाजूला, खालच्या अंगाला आलेली गाठ लाल व दुखरी होऊन ताप आला, किंवा फुगवट्यामुळे लघवी अडली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा. फुलकोबीसारखे चामखीळ दिसल्यास दुकानातील चामखिळीचे औषध तेथे कदापि लावू नये. वाढत जाणारी गाठ, न भरणारी जखम, संबंधानंतर होणारा रक्तस्राव किंवा पाळी थांबून वर्ष उलटल्यावर दिसलेला रक्ताचा एखादा डागसुद्धा तातडीने दाखवावा. अशा वेळी डॉक्टर तुकडा काढून तपासायला सांगू शकतात.

आपल्या भागात स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात, हे देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात आधी विचारावे. अन्यथा कणकवलीचे उपजिल्हा रुग्णालय किंवा ओरोसचे जिल्हा रुग्णालय आहे. स्त्री डॉक्टरच हव्या असतील तर आशाताईंकडे चौकशी करावी. ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी शासनाच्या कार्यक्रमात ५ वर्षांतून एकदा गर्भाशयमुखाची तपासणी असते, तीही याच भेटीत करून घेता येईल का ते विचारावे.