रेघा जातील, पण आधी सांगा: व्हीओबी फायली (डीव्हीडीवरचा मूळ व्हिडिओ) अजून आहेत ना?

"कोणी हात हलवला की कंगवा फिरवल्यासारख्या आडव्या रेघा दिसतात" हे तुमचं वाक्य वाचलं आणि पोटात गोळा आला. ३८ डीव्हीडी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून एमपीफोर करून झाल्यात, आता जागेसाठी व्हीओबी उडवू का, असंही विचारलंय. उडवू नका. बाकीचं उत्तर रात्री वाचलंत तरी चालेल.

मी उडवल्या होत्या. घरच्या व्हीएचएस कॅसेटी एका दुकानात डीव्हीडी करायला दिल्या होत्या. डिस्का मिळाल्या, कॅसेटी नाहीत. दुकानदार म्हणाला, "बुरशी होती, टाकून दिल्या. आता कशाला हव्यात तुम्हाला?" म्हणजे डिस्क हीच मूळ प्रत. त्या माणसाशी मी भांडलो, पण पुढचा घोळ सर्वस्वी माझा. लॅपटॉप रात्रभर तापायचा म्हणून डीइंटरलेस (या रेघा घालवणारी प्रक्रिया) बंद केलं, आणि फाइल लहान व्हावी म्हणून उंची ५७६ वरून ४८० केली. तपासलं काय, तर सुरुवातीची दोन मिनिटं! लग्नाच्या कॅसेटीत सुरुवातीला असतं काय? गणपतीचा फोटो, सनई, पत्रिकेवर झूम. हलणारं काही नाहीच. चित्र छान दिसलं, मी व्हीओबींचा फोल्डर डिलीट केला.

आईच्या पंचाहत्तरीला मोठ्या टीव्हीवर लावलं. आजी औक्षण करतेय, आणि ताम्हन फिरलं की निरांजनाच्या ज्योतीचं पार कुंपण होतंय. डिस्का शोधल्या, तर २२ पैकी ९ ड्राइव्हला वाचताच येईनात. औक्षणाची त्या नवांतच होती.

पाल (PAL, आपल्याकडची टीव्हीची पद्धत) चित्रात सेकंदाला ५० अर्धी चित्रं असतात. एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. उंची ५७६ च राहिली असेल, तर त्या ओळी निदान आपापल्या जागी असतात आणि एमपीफोरवरूनही बरंच सावरता येतं. पण डीइंटरलेस न करता उंची बदललीत की दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत कालवल्या जातात. दुधात पडलेलं पाणी वेगळं काढण्यातला प्रकार. 'एआयने रेघा घालवा' म्हणणारी दोन सॉफ्टवेअर मी विकत घेऊन पाहिली. आजीचा चेहरा मेणाचा झाला, रेघा राहिल्याच.

तेव्हा आता असं करा. (मी व्यावसायिक नाही, हात पोळलेला माणूस आहे, एवढं धरून चाला.) डिस्क वाचली जातेय तोवर मेकएमकेव्हीने जशीच्या तशी एमकेव्हीत घ्या. यात चित्र पुन्हा कॉम्प्रेस होत नाही, एमपेग-२ आहे तसंच राहतं. डिस्कमागे ४.४ जीबी धरले तरी ३८ चे साधारण १७० जीबी होतात. एवढ्यासाठी जागा वाचवणं म्हणजे माझ्या मते शुद्ध कद्रूपणा. मीही केलाय, म्हणून बोलतो. दोन वेगळ्या हार्डडिस्कांवर ठेवा. मग निवांतपणे त्यातून पाहायची प्रत काढा: डीइंटरलेसमध्ये 'बॉब' (प्रत्येक अर्ध्या चित्राची पूर्ण फ्रेम करणारा प्रकार), आरएफ (दर्जाचा आकडा, कमी तितका चांगला) १८ ते २०, उंचीला हात नाही. आणि '१०८०पी३०' नावाचा प्रीसेट (तयार सेटिंग) घेतलात तर फ्रेमरेटची ३० ची मर्यादा काढा, नाहीतर बॉबने मिळालेल्या ५० फ्रेम पुन्हा कापल्या जातात आणि हालचाल अडखळते. तपासताना वरात किंवा पंगत वाढतानाचा भाग बघा, गणपती नको.

जेलीफिन (साठवलेले व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर) मावशीच्या लग्नाला भलत्याच सिनेमाचं पोस्टर लावतंय, याचं कारण ते नावावरून इंटरनेटवर शोधतं. लायब्ररीचा प्रकार 'मूव्हीज'च राहू द्या, पण इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या सगळ्या खुणा काढा आणि एनएफओ फायली (व्हिडिओशेजारी ठेवलेली त्याची माहिती) वाचणं तेवढं चालू ठेवा. माझी आवडती युक्ती अशी की एनएफओत कलाकारांच्या जागी नातेवाइकांची नावं घालायची. 'आजी'वर क्लिक केलं की ती ज्या ज्या व्हिडिओत आहे ते सगळे समोर येतात. फायलींची नावं मराठीत खुशाल ठेवा, पण सुरुवातीचं वर्ष इंग्रजी आकड्यांत लिहा. दोन्ही प्रकारचे आकडे मिसळले की क्रमाचा बट्ट्याबोळ होतो. नावं घालायला घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस शेजारी बसवा. आमच्या आत्याने एका बारशातले सतरा जण ओळखले, मला चार येत होते.

अमेरिकेतल्या काकांची कॅसेट त्यात असेल तर ती बहुधा एनटीएससी (तिकडची टीव्हीची पद्धत) असेल, उंची ४८०. ती ५७६ करायला जाऊ नका. आणि एखादी डिस्क डीव्हीडी रेकॉर्डरवर चालते पण संगणकावर कोरी दिसते, तर ती फायनलाइज (दुसऱ्या यंत्रांवर वाचता येईल अशी पूर्ण) झालेली नसेल. ती खराब म्हणून फेकू नका, त्याच रेकॉर्डरवर फायनलाइज करून बघा.

एका व्हीओबीचं आणि तिच्या एमपीफोरचं मीडियाइन्फो (फाइलची तांत्रिक माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) काय दाखवतं ते इथे टाका. मला 'स्कॅन टाइप', 'स्कॅन ऑर्डर' आणि उंची एवढंच हवंय. एमपीफोरची उंची ५७६ निघाली तर वाचलात. व्हीओबी ५७६ ची असून एमपीफोर ४८० ची निघाली तर ३८ डिस्का पुन्हा काढायला बसा, आणि ज्यांच्यावर डाग किंवा ओरखडे दिसतात त्या आधी घ्या.